एका हंगामाचा भार : रग्बीपटूंचे शरीर आणि मेंदू

डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडचा माजी हूकर स्टीव्ह थॉम्पसन याने आपल्याला स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्याचे जाहीर केले. त्याचे वय तेव्हा ४२ होते. नोव्हेंबर २००३ मध्ये सिडनीत विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता, आणि तो अंतिम सामना आपल्याला आठवतच नाही, असे त्याने सांगितले. त्याच्या पाठोपाठ वेल्सचा अ‍ॅलिक्स पॉपम आणि इतर अनेक माजी खेळाडू पुढे आले. खेळाची जागतिक संस्था वर्ल्ड रग्बी, इंग्लंडची आरएफयू आणि वेल्सची डब्ल्यूआरयू या तिन्ही संस्थांविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल झाला.

तेव्हापासून रग्बी आणि मेंदू या विषयावर जे लिहिले-बोलले गेले, त्यातले बरेचसे दोन गोष्टींभोवती फिरते : डोक्याला बसलेला एखादा मोठा मार, आणि खेळ सोडल्यावर कित्येक वर्षांनी उद्भवणारा आजार. या दोन टोकांमधला काळ मात्र दुर्लक्षित राहिला होता. खेळाडू हंगामामागून हंगाम खेळतो. पूर्वतयारीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या सामन्यापर्यंत त्याच्या स्नायूंत, सांध्यांत, रक्तात आणि मेंदूत काय बदलते? आणि जे बदलते ते पुढचा हंगाम सुरू होण्याआधी पूर्ववत होते का? गेल्या दहा-पंधरा वर्षांत संशोधक या नेमक्या प्रश्नाकडे वळले आहेत. त्यांच्या हाती काय लागले, कोणत्या गोष्टींवर मतभेद आहेत आणि काय अजून सुटलेले नाही, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी : हौशी खेळापासून पगारी नोकरीपर्यंत

रग्बी युनियन शतकाहून अधिक काळ हौशी खेळ होता. खेळाडू डॉक्टर, शेतकरी, पोलीस, शिक्षक असत. आठवडाभर कामधंदा करून शनिवारी मैदानात उतरत. ऑगस्ट १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळाडूंना मोबदला देण्यावरची बंदी उठवली आणि चित्र झपाट्याने पालटले. खेळाडूला आता दिवसभर सराव करता येऊ लागला, व्यायामशाळा आणि आहारतज्ज्ञ दिमतीला आले. शरीरे बदलली. आंतरराष्ट्रीय पुरुष खेळाडूंच्या वजनाचा अभ्यास सांगतो की, १९५५ मध्ये सरासरी वजन सुमारे ८५ किलो होते. २०१५ मध्ये ते १०५ किलोंवर गेले होते. या वाढीचा वेग १९९५ नंतर स्पष्टपणे वाढलेला दिसतो.

खेळाचा वेगही वाढला. १९९१ च्या विश्वचषकात ऐंशी मिनिटांपैकी चेंडू प्रत्यक्ष खेळात असे तो जेमतेम २५ मिनिटे. २०११ च्या विश्वचषकात हा आकडा ३५ मिनिटांच्या आसपास पोहोचला. म्हणजे अधिक वजनाची माणसे अधिक वेगाने, अधिक वेळ एकमेकांवर आदळू लागली. त्यात सामन्यांची संख्या वाढली. फ्रान्सच्या 'टॉप १४' स्पर्धेत चौदा संघ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोनदा खेळतात, म्हणजे बाद फेरीआधीच २६ सामने. त्यावर युरोपीय चषक, आणि राष्ट्रीय संघात निवड झालेल्यांसाठी हिवाळ्यात सहा राष्ट्रांची स्पर्धा, उन्हाळ्यात दौरे. चांगल्या खेळाडूचे वर्ष दहा-अकरा महिन्यांचे होते. जो जास्त चांगला, त्याला विश्रांती कमी.

दुखापतींची पद्धतशीर नोंदही याच काळात सुरू झाली. इंग्लंडमध्ये २००२ पासून व्यावसायिक क्लबांतल्या प्रत्येक दुखापतीची नोंद ठेवली जाते. इतक्या प्रदीर्घ नोंदी फार थोड्या खेळांकडे आहेत, आणि आजच्या चर्चेचा बराचसा पाया त्याच आहेत.

शरीर : एक सामना, एक आठवडा, एक हंगाम

हंगामाचा हिशेब समजून घ्यायचा तर आधी एका सामन्यानंतरचा आठवडा पाहावा लागतो.

स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांना भिडतात. पंचांचे 'क्राउच, बाइंड, सेट' हे तीन शब्द होतात आणि पहिल्या फळीतल्या प्रॉपच्या मानेवर आणि खांद्यांवर मागच्या साऱ्यांचा जोर येतो. वरच्या दर्जाच्या संघांत भिडण्याच्या क्षणी हा एकत्रित जोर दीड टनाहून अधिक मोजला गेला आहे. स्क्रम सुटली की तोच प्रॉप उठतो, धावतो आणि समोरून चेंडू घेऊन येणाऱ्याला टॅकल करतो. आपल्या कबड्डीतल्या पकडीशी या टॅकलचे नाते आहे, मात्र इथे दोघेही पूर्ण वेगात असतात आणि समोरचा बहुधा शंभर किलोंचा असतो. टॅकलनंतर तो जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झटापटीत, म्हणजे रकमध्ये घुसतो. ऐंशी मिनिटांत हे चक्र कितीतरी वेळा फिरते.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासले तर त्याचा ठसा सापडतो. स्नायूंच्या पेशी फुटल्या की क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात उतरते. सामन्यानंतर साधारण एका दिवसाने त्याची पातळी सर्वाधिक असते आणि ओसरायला दोन ते पाच दिवस लागतात. उभ्या उडीची उंची दोन-तीन दिवस कमी भरते. ज्याच्या वाट्याला जास्त धडका आल्या, त्याची पातळी जास्त चढते; नुसत्या धावण्याने ती इतकी चढत नाही. म्हणजे शनिवारच्या सामन्याची झीज बुधवार-गुरुवारी कुठे भरून येते, आणि तोवर पुढच्या शनिवारच्या सामन्यासाठीच्या सरावातल्या धडका सुरू झालेल्या असतात.

हे चक्र आठ-नऊ महिने चालते. पूर्वतयारीच्या आठवड्यांत स्नायूंचे वजन वाढते, चरबी घटते, ताकद वाढते. सामने सुरू झाले की व्यायामाचा वेळ घटतो, प्रवास वाढतो, रात्रीच्या सामन्यांनंतर झोप लागत नाही. हंगामाच्या उत्तरार्धात ही कमाई टिकवणेच अवघड होते. जमेची बाजूही आहे : हाडांची घनता वाढते, हृदयाची आणि फुप्फुसांची क्षमता उत्तम राहते.

दुखापतींचे आकडे या झिजेच्या पलीकडचे आहेत. वरच्या दर्जाच्या पुरुष खेळाडूंवरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१३ मध्ये झाले. त्यात सामन्यातल्या दर हजार खेळाडू-तासांमागे ८१ दुखापती आढळल्या. सरावात हा आकडा फक्त ३ होता. संघात पंधरा खेळाडू आणि सामना ऐंशी मिनिटांचा, म्हणजे एका संघाचे वीस खेळाडू-तास. त्या हिशेबाने प्रत्येक सामन्यात प्रत्येक संघाचे सरासरी दीडहून अधिक खेळाडू असे जखमी होतात की त्यांना पुढे निदान एक दिवस तरी खेळता किंवा सराव करता येत नाही. इंग्लंडच्या नोंदींत दुखापतींचा एकूण दर वर्षानुवर्षे साधारण स्थिर आहे. वाढले आहेत ते प्रत्येक दुखापतीमागे वाया जाणारे दिवस.

किती सामने म्हणजे जास्त? इंग्लंडच्या क्लबांतल्या सात हंगामांच्या अभ्यासाने यावर विचार करायला लावणारे उत्तर दिले. आधीच्या बारा महिन्यांत ३५ हून अधिक सामने खेळलेल्यांना दुखापतीचा धोका जास्त होता, तसाच १५ हून कमी सामने खेळलेल्यांनाही. भार अति झाला तर शरीर थकते. फार कमी झाला तर ते धडकांना सरावत नाही. त्यामुळे 'सामने कमी करा' इतके साधे सूत्र इथे लागू पडत नाही.

खेळ सोडल्यानंतरचे चित्रही संमिश्र आहे. इंग्लंडमधल्या माजी उच्च दर्जाच्या खेळाडूंच्या २०१७ मधल्या पाहणीत सांध्यांच्या झिजेचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येच्या सुमारे चौपट आणि सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियांचे सुमारे सहापट आढळले. मधुमेह मात्र त्यांच्यात कमी होता.

मेंदू : मोठा मार आणि लहान हादरे

मेंदूच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली, कन्कशन : डोक्याला किंवा शरीराला बसलेल्या धक्क्याने मेंदूचे काम तात्पुरते बिघडते. चक्कर, गोंधळ, डोकेदुखी, उजेडाचा त्रास, आठवणीत पोकळी अशी लक्षणे दिसतात. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. दुसरी, लक्षणे न दिसणारे हादरे. खांद्याला बसलेल्या धडकेनेही मान झटक्यात वळते आणि डोके गोल फिरते. मेंदूच्या लांब तंतूंना सरळ धक्क्यापेक्षा हे फिरणे जास्त ताणते. खेळाडूला काहीच जाणवत नाही, तो खेळत राहतो.

२०११-१२ च्या हंगामापासून इंग्लंडच्या व्यावसायिक खेळात कन्कशन ही सर्वाधिक नोंदली जाणारी दुखापत आहे. ही वाढ किती खरी आणि किती जागरूकतेमुळे, हे वेगळे काढणे अवघड आहे. पूर्वी 'घंटी वाजली' म्हणून सोडून दिले जाणारे प्रसंग आता नोंदले जातात. वर्ल्ड रग्बीच्या संशोधकांनी दीड हजारांवर सामन्यांच्या चित्रफिती तपासल्या तेव्हा डोक्याच्या तपासणीची वेळ आणणाऱ्या ६११ प्रसंगांपैकी ७६ टक्के टॅकलमधले निघाले, आणि त्यांत बहुतेक वेळा मार बसला होता तो टॅकल करणाऱ्याला. ताठ उभे राहून केलेला टॅकल वाकून केलेल्या टॅकलपेक्षा अधिक धोक्याचा ठरला.

हंगामाशी याचा थेट संबंध वेल्समधल्या अभ्यासाने दाखवला. तिथल्या व्यावसायिक खेळाडूंच्या चार हंगामांच्या नोंदींनुसार, एका हंगामात २५ सामने खेळल्यानंतर खेळाडूला कन्कशन होण्याची शक्यता न होण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त होते. त्याच अभ्यासात कन्कशनमधून परतलेल्या खेळाडूला पुढे कुठलीही दुखापत होण्याचा धोका ३८ टक्क्यांनी अधिक आढळला; इंग्लंडमधल्या अशाच अभ्यासात तो ६० टक्क्यांनी अधिक होता. लक्षणे गेल्यानंतरही हालचालींचे नियंत्रण आणि निर्णयाचा वेग पूर्ण सावरलेला नसावा, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. मेंदूचा हिशेब आणि गुडघ्याचा हिशेब इथे एकमेकांत मिसळतात.

एका हंगामात काय दिसते

आता या आढाव्याच्या मध्यवर्ती प्रश्नाकडे. हंगामाच्या आधी, मध्ये आणि शेवटी त्याच खेळाडूंची तपासणी करणारे अभ्यास संख्येने थोडे आहेत, पण त्यांची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे.

साउथ वेल्स विद्यापीठात डेमियन बेली यांच्या गटाने एका व्यावसायिक संघातल्या सुमारे वीस खेळाडूंची तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हंगामाअखेर खेळाडूंच्या मेंदूतला रक्तप्रवाह आणि त्याचे नियमन मंदावलेले आढळले, बौद्धिक चाचण्यांतले गुण घसरलेले होते, आणि रक्तातल्या घातक मुक्त कणांचे प्रमाण वाढलेले होते. संघातल्या बहुतेकांना कन्कशन झालेलेच नव्हते. फॉरवर्डच्या वाट्याला अधिक धडका आल्या होत्या आणि बदलही त्यांच्यात अधिक दिसले.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या गटाने त्याच वर्षी ४४ अव्वल खेळाडूंच्या मेंदूची प्रगत एमआरआय चित्रे प्रसिद्ध केली. २३ टक्के खेळाडूंत तंतूंना किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा झाल्याच्या खुणा होत्या. ज्यांची चित्रे ठरावीक काळाने पुन्हा काढली, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांत श्वेतद्रव्याचे, म्हणजे मेंदूतल्या तंतूंच्या जाळ्याचे, आकारमान अनपेक्षित बदललेले होते. बौद्धिक चाचण्यांत मात्र हे खेळाडू इतरांपेक्षा मागे नव्हते. चित्रात दिसणारा बदल आणि रोजच्या व्यवहारात जाणवणारा बदल यांत अंतर असू शकते, याचे हे ठळक उदाहरण.

कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठाचा २०२० चा अभ्यास स्त्री खेळाडूंवरचा आहे, म्हणून विशेष महत्त्वाचा. विद्यापीठ संघातल्या ७० रग्बीपटू स्त्रियांची तुलना ३१ जलतरणपटू आणि नौकानयनपटूंशी केली गेली. अभ्यासात कन्कशन नसलेल्या खेळाडूच घेतल्या होत्या. तरीही रग्बी खेळणाऱ्यांच्या श्वेतद्रव्याच्या सूक्ष्म रचनेत आणि मेंदूच्या भागांमधल्या जोडण्यांत फरक दिसला, आणि त्यातला काही हंगामाबाहेरच्या काळातही कायम होता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये किशोरवयीन रग्बीपटूंची हंगामाआधी आणि नंतर तपासणी झाली तेव्हा काहींमध्ये रक्त आणि मेंदू यांच्यातला संरक्षक पडदा ठिकठिकाणी सैल झालेला आढळला.

या चारही अभ्यासांतून एक समान गोष्ट पुढे येते : कन्कशन झाले नाही तरी हंगामाची नोंद मेंदूत उमटते. पण चारही अभ्यास लहान आहेत, त्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत, आणि खेळाडूंच्या डोक्याला बसलेल्या धक्क्यांचे थेट मोजमाप त्यांतल्या बहुतेकांत नव्हते.

दूरचा काळ

हंगामातल्या या खुणा पुढे आजार होतात का? याचा अंदाज घ्यायला दुसऱ्या प्रकारचे अभ्यास लागतात. ग्लासगोच्या विली स्टुअर्ट यांच्या गटाने २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय पुरुष खेळाडूंची तुलना बाराशेहून अधिक समवयस्क, समान परिस्थितीतल्या पुरुषांशी केली. सरासरी तीन दशकांहून अधिक काळात ११.४ टक्के खेळाडूंना मेंदूच्या ऱ्हासाचा आजार झाला. तुलनेच्या गटात हे प्रमाण ५.४ टक्के होते. स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट, पार्किन्सनचा तिप्पट, आणि मोटर न्यूरॉन आजाराचा पंधरापट निघाला. हा शेवटचा आकडा मोजक्याच रुग्णांवर आधारलेला आहे. त्याच वेळी खेळाडूंचे आयुर्मान इतरांपेक्षा थोडे अधिक होते. यांतले बहुतेक जण हौशी काळात खेळलेले, हेही ध्यानात ठेवायला हवे.

२०२३ मध्ये याच गटाने मृत्यूनंतर दान केलेल्या ३१ माजी रग्बीपटूंच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. २१ मेंदूंत, म्हणजे ६८ टक्क्यांत, वारंवारच्या आघातांशी जोडला जाणारा सीटीई हा विकार आढळला. खेळण्याच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे त्याचा धोका १४ टक्क्यांनी वाढत होता. व्यावसायिक काळातल्या खेळाडूंविषयीची माहिती आता हळूहळू येते आहे. इम्पिरियल कॉलेजच्याच २०२५ मधल्या अभ्यासात तीस ते एकसष्ट वर्षे वयाचे २०० माजी अव्वल खेळाडू होते. त्यांच्या रक्तात अल्झायमरशी निगडित पी-टाऊ २१७ या प्रथिनाची सरासरी पातळी अधिक होती, आणि १२ टक्के जण आघातजन्य मेंदूविकाराच्या लक्षणसमूहाच्या निकषांत बसत होते. स्मृतिभ्रंश मात्र त्यांच्यापैकी एकालाही झालेला नव्हता.

तीन भूमिका

या पुराव्याकडे पाहण्याच्या ढोबळमानाने तीन भूमिका आहेत.

पहिली भूमिका भार साठत जातो असे मानणाऱ्यांची. स्टुअर्ट, बेली आणि त्यांच्यासारखे संशोधक, तसेच 'प्रोग्रेसिव्ह रग्बी' हा माजी खेळाडू आणि डॉक्टरांचा गट या बाजूला आहे. त्यांचे म्हणणे असे की, कन्कशनवर लक्ष एकवटल्याने मूळ प्रश्न निसटतो. प्रत्येक हादऱ्याची बेरीज होते, आणि ती बेरीज खेळण्याच्या वर्षांशी वाढते. एका हंगामात रक्तप्रवाह मंदावत असेल, तर दहा-पंधरा हंगामांचा परिणाम गृहीत धरून आजच पावले उचलणे शहाणपणाचे ठरेल. सराव आणि सामने दोन्हींतल्या धडकांवर बंधनकारक मर्यादा हवी, अशी त्यांची मागणी आहे.

दुसरी भूमिका सावध राहणाऱ्यांची. त्यांचा आक्षेप धोक्याला नसून निष्कर्षाच्या घाईला आहे. दान केलेले मेंदू बहुतेकदा अशा कुटुंबांकडून येतात, ज्यांना आधीच काहीतरी बिघडल्याची शंका असते. त्यावरून सर्व खेळाडूंविषयी अनुमान काढता येत नाही. चित्रांतला बदल म्हणजे इजा असे लगेच म्हणता येत नाही. मेंदू सरावानेही बदलतो. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने मुलांपासून प्रौढांपर्यंत तीनशेहून अधिक स्थानिक खेळाडूंच्या दातांवर संवेदक बसवून सतरा हजारांहून अधिक हादरे मोजले. त्यांतल्या ८६ टक्के हादऱ्यांची तीव्रता धावणे, उड्या मारणे अशा व्यायामाइतकी किंवा त्याहून कमी होती. खेळाचे हृदयाला, मनाला आणि सामाजिक आयुष्याला होणारे फायदे हिशेबातून वगळले जाऊ नयेत, असे हे लोक सांगतात. पहिल्या बाजूचे उत्तर असे की, प्रश्न उरलेल्या १४ टक्क्यांचा आहे, आणि त्यांच्या बेरजेचा.

तिसरी भूमिका व्यवस्थापनाची, म्हणजे खेळाच्या संस्थांची आणि क्लबांच्या वैद्यकीय पथकांची. पूर्ण खात्री येईपर्यंत थांबायचे नाही, पण खेळाचे स्वरूपही मोडायचे नाही, असा त्यांचा मार्ग आहे. भार मोजा, मर्यादा घाला, परिणाम पाहा, पुन्हा बदला. या भूमिकेचे बळ तिच्या कृतीत आहे आणि तिची अडचण तिच्या हितसंबंधांत : सामन्यांची संख्या ठरवणाऱ्या संस्थांचे उत्पन्नही सामन्यांवरच अवलंबून असते.

आणि खेळाडू? त्यांचे एकच एक मत नाही. करार वर्षा-दोन वर्षांचे, कारकीर्द दहा-बारा वर्षांची, आणि जागा गेली तर परत मिळेल याची हमी नाही. चक्कर येत असल्याचे सांगायचे की नाही, हा निर्णय अनेकदा या हिशेबातून होतो. कुठलाही नियम प्रामाणिक माहितीवर उभा असतो, त्यामुळे खेळाडूची ही अडचण शास्त्रीय प्रश्नाचाही भाग आहे.

केलेले उपाय आणि त्यांचे फळ

गेल्या दशकातले काही बदल निश्चित फायद्याचे ठरले. २०१३ पासून स्क्रममध्ये भिडण्याआधी एकमेकांना धरण्याचा नियम आला आणि भिडण्याचा धक्का सुमारे २५ टक्क्यांनी घटला. २०१२ पासून मैदानाकाठची तपासणी सुरू झाली, तिच्यामुळे कन्कशन झालेला खेळाडू खेळतच राहण्याचे प्रसंग कमी झाले. २०२२ पासून व्यावसायिक खेळात कन्कशनचा इतिहास किंवा ठळक लक्षणे असलेल्या खेळाडूला परतण्याआधी किमान १२ दिवस थांबावे लागते. पूर्वी सहा दिवसांतही परतता येत असे. ब्रिटनमध्ये हौशी खेळाडूंसाठी ही मुदत २१ दिवसांची आहे.

हंगामाच्या एकूण भाराशी थेट संबंध असलेला उपाय २०२१ मध्ये आला. वर्ल्ड रग्बी आणि खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सरावात आठवड्याला पूर्ण धडकांची पंधरा मिनिटेच असावीत, अशी मार्गदर्शक सूचना दिली. सरावातले हादरे सामन्यांपेक्षा सौम्य असले तरी हंगामाच्या बेरजेत त्यांचा वाटा मोठा असतो, आणि सामन्यांचे वेळापत्रक न बदलता तो कमी करता येतो. सूचना बंधनकारक नाही, हे तिच्यावरचे मुख्य टीकेचे कारण.

टॅकलची उंची कमी करण्याचा अनुभव मात्र सरळ नाही. इंग्लंडने २०१८-१९ मध्ये दुसऱ्या पातळीच्या एका स्पर्धेत काखेच्या रेषेच्या वर टॅकल करण्यास बंदी घालून पाहिली. कन्कशन अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत, आणि प्रयोग मध्येच थांबवावा लागला. दोन्ही खेळाडू एकदम वाकले की डोकी एकाच पातळीवर येतात, हे त्यातून लक्षात आले. २०२३ पासून इंग्लंडच्या हौशी खेळात छातीच्या हाडाखालीच टॅकल करण्याचा नियम आहे.

सर्वांत मोठी आशा आहे ती मोजमापाच्या नव्या साधनांवर. जानेवारी २०२४ पासून अव्वल दर्जाच्या खेळात संवेदक असलेली दातांवरची ढाल वापरली जाते. ठरलेल्या मर्यादेपलीकडचा हादरा बसला की मैदानाकाठच्या डॉक्टरांना लगेच सूचना जाते. २०२५ च्या महिला विश्वचषकात अशा ढालींतला दिवा मोठ्या हादऱ्यानंतर लाल पेटत असे, म्हणजे पंचांनाही ते दिसे. कन्कशन पकडण्यापेक्षाही या साधनाचे खरे मोल वेगळे आहे. प्रत्येक खेळाडूने हंगामभरात किती हादरे सोसले, याची बेरीज पहिल्यांदाच हाती येते आहे.

काय सुटलेले नाही

पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न विश्रांतीचा. हंगामाअखेर दिसणारे बदल सुटीच्या पाच-सहा आठवड्यांत पूर्ववत होतात की थोडे शिल्लक राहून पुढच्या हंगामात मिसळतात? कॅनडाचा अभ्यास शिल्लक राहण्याकडे बोट दाखवतो, पण त्याच खेळाडूंना पाच-सहा हंगाम सलग पाहणारे मोठे अभ्यास हवे आहेत.

दुसरा, बदल आणि इजा यांतल्या सीमारेषेचा. रक्तातले कुठले प्रथिन किती वाढले म्हणजे खेळाडूने थांबावे, याचा सर्वमान्य आकडा नाही. तिसरा, व्यक्तिगत फरकाचा. तितकेच हंगाम खेळलेल्या दोघांपैकी एकालाच आजार होतो. आनुवंशिकता, दारू, झोप, हृदयाचे आरोग्य यांचा वाटा किती, हे उलगडायचे आहे. ग्लासगोच्या अभ्यासात फॉरवर्ड आणि मागच्या फळीतले बॅक यांच्या धोक्यात फरक दिसला नाही. साउथ वेल्सच्या अभ्यासात मात्र हंगामातले बदल फॉरवर्डमध्ये अधिक होते. या दोन निष्कर्षांचा मेळ अजून बसलेला नाही.

चौथा, स्त्रियांचा. इंग्लंडमध्ये स्त्री खेळाडूंना पूर्णवेळ करार २०१९ पासून मिळू लागले. त्यामुळे दीर्घकाळ व्यावसायिक रग्बी खेळलेल्या स्त्रियांची पिढी अजून तरुण आहे. त्यांच्यात मानेला झटका बसून डोके जमिनीवर आपटण्याचे प्रसंग पुरुषांपेक्षा वेगळ्या प्रमाणात दिसतात. पुरुषांवरून काढलेले निष्कर्ष त्यांना तसेच लावता येणार नाहीत. पाचवा, मुलांचा : धडकांचा खेळ कोणत्या वयात सुरू करावा, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

भारतात हा खेळ लहान आहे, पण परका नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्याच्या चिखलात रग्बी खेळण्याची परंपरा जुनी आहे, आणि जून २०२५ मध्ये अंधेरीत पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली. ती सात-सात खेळाडूंची होती. सामना अगदी छोटा असल्याने हा प्रकार सौम्य वाटतो. प्रत्यक्षात त्यात दर तासामागे दुखापतींचे प्रमाण पंधरांच्या खेळापेक्षा जास्तच आढळले आहे, आणि एका दिवशी अनेक सामने होतात. इथे खेळ आताच आकार घेत असल्याने टॅकलचे शिक्षण, सरावातल्या धडकांची मर्यादा आणि दुखापतींची नोंद या तिन्ही गोष्टी सुरुवातीपासून रुजवणे शक्य आहे. इंग्लंड किंवा फ्रान्सला ही संधी मिळाली नव्हती.

ताळेबंद

आजवरच्या पुराव्यावरून तीन गोष्टी बऱ्याच खात्रीने म्हणता येतात. एक, हंगामाचा परिणाम शरीरावर आणि मेंदूवर मोजता येण्याइतका होतो, आणि त्यासाठी कन्कशन व्हावेच लागते असे नाही. दोन, खेळण्याची वर्षे वाढतात तसा मेंदूच्या ऱ्हासाचा धोका वाढत असल्याचे पुरावे जमत आहेत. तीन, एका हंगामातल्या खुणा आणि उतारवयातला आजार यांना जोडणारी मधली साखळी अजून सिद्ध झालेली नाही.

ही साखळी सिद्ध होण्यास तीस-चाळीस वर्षे लागतील, कारण आज ढाल घालून खेळणारा तरुण तेव्हा साठीत असेल. तोवर निर्णय घ्यावे लागणारच आहेत. माझ्या मते त्या निर्णयांचे एकक 'एक मार' किंवा 'एक सामना' न राहता 'एक हंगाम' व्हायला हवे : खेळाडूने वर्षभरात सोसलेल्या हादऱ्यांची बेरीज, त्याला मिळालेली सलग विश्रांती, आणि पुढचा हंगाम सुरू करण्याआधी तो सावरला आहे याची तपासणी. आनुवंशिकता बदलता येत नाही, गेलेली वर्षे परत येत नाहीत. वेळापत्रक मात्र माणसांनीच आखलेले आहे, आणि ते बदलता येते.